गिटार अँडीची, पैसे स्टिंगचे

प्रश्न : काका, आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका मुलाने पफ डॅडीचं “आय’ल बी मिसिंग यू” म्हटलं. माझे बाबा मागच्या रांगेत होते. ते म्हणाले, “हे तर पोलीस बँडचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’. सरळसरळ चोरी आहे!” घरी पोचेपर्यंत आमचं भांडण चाललं होतं. मी म्हणते, याला सॅम्पलिंग म्हणतात आणि रॅपमध्ये ती कला मानतात. तुम्ही गिटारवाले, तुम्हीच निकाल द्या. (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : निकाल देतो, पण त्याने तुम्हा दोघांचंही समाधान होणार नाही. बाबांच्या कानांना माझा नमस्कार सांग. त्यांनी ओळखलं ते बरोबरच आहे. फक्त चोरी झाली असेल तर ती कोणाची, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मला तोच खरा वाटतो.

आधी मूळ गाणं. 1983 सालचं, पोलीस या तीन जणांच्या बँडचं. स्टिंग गायचा आणि बास वाजवायचा, स्टुअर्ट कोपलंड ड्रम्सवर, अँडी समर्स गिटारवर. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत हे गाणं आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. लोक आजही ते लग्नात वाजवतात, याचं मला नेहमी हसू येतं. शब्द नीट ऐक. संसार मोडलेला एक माणूस सांगतोय की तुझं प्रत्येक पाऊल, प्रत्येक श्वास यावर माझी नजर आहे. प्रेमगीत कसलं, पाळत आहे ती. स्टिंगने स्वतःही हे अनेकदा सांगितलंय.

आता तुझं गाणं. 9 मार्च 1997 ला लॉस एंजेलिसमध्ये ‘नोटोरियस बी.आय.जी.’ या रॅपरला गोळ्या घालून मारलं. पफ डॅडी त्याचा मित्र, त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा मालक. (या गृहस्थांचं पुढे कोर्टकचेरीत काय झालं तो विषय वेगळा, इथे नको.) त्याने दोनतीन महिन्यांत श्रद्धांजलीचं गाणं बाजारात आणलं. धृपद गायली फेथ इव्हान्स, म्हणजे मेलेल्याची बायकोच. सोबतीला ‘112’ नावाचा चार मुलांचा गट. हे गाणं आलं तेच बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकावर. असा थेट पहिल्या क्रमांकावर प्रवेश त्याआधी कुठल्याच रॅप गाण्याला मिळाला नव्हता. तिथे ते अकरा आठवडे बसलं, मुळापेक्षा तीन जास्त. पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळालं.

या गाण्यात पोलीसचं नेमकं काय घेतलंय? दोन वेगवेगळ्या गोष्टी, आणि त्या वेगळ्या करून ऐकल्या नाहीत तर पुढचं काहीच कळणार नाही.

पहिली म्हणजे गिटारचा तुकडा. हा कोणी पुन्हा वाजवलेला नाही. 1983 च्या रेकॉर्डवरचाच उचलला, गोल फिरवत ठेवला आणि त्याखाली नवा ठेका घातला. यालाच सॅम्पल म्हणतात. म्हणजे गाणं जितका वेळ चालतं तितका वेळ अँडी समर्सची बोटं तुझ्या कानात वाजत असतात. दुसरी गोष्ट धृपदाची. तिथे स्टिंगचा आवाज नाही. फेथ इव्हान्सने त्याचीच चाल नव्या शब्दांवर नव्याने गायली आहे. हे सॅम्पल नव्हे. आपल्याकडे नाट्यपदांपासून भजनांपर्यंत एकाच्या चालीवर दुसऱ्याचे शब्द बसवतात, त्यातलाच हा प्रकार.

कायद्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी खाती आहेत. ध्वनिमुद्रण हे एक. ते बहुधा रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं असतं आणि त्या धंद्यात त्याला ‘मास्टर’ म्हणतात. दुसरं खातं खुद्द गाण्याचं, म्हणजे शब्द आणि चाल. ते लिहिणाऱ्याचं असतं आणि त्याचा पैसा ‘पब्लिशिंग’ या नावाने येतो. तुकडा उचलला की दोन्ही दारं वाजवावी लागतात. नुसती चाल घेतली तर दुसरंच.

पफ डॅडीच्या मंडळींनी गाणं बाजारात येण्याआधी परवानगीचं काम पुरं केलं नव्हतं. गाणं धो धो चालायला लागल्यावर बोलणी झाली. अशा वेळी तराजू कुणाच्या हातात असतो हे सांगायला नको. स्टिंगच्या बाजूने पब्लिशिंगचा सगळा वाटा मागितला गेला आणि तो मिळाला. सगळा म्हणजे शंभर टक्के. आधी येऊन विचारलं असतं तर हा वाटा कितीतरी कमी ठरला असता. 2023 मध्ये पफ डॅडीने ‘स्टिंगला रोज पाच हजार डॉलर देतो’ असं ट्विट केलं आणि मग ती थट्टा होती असंही सांगितलं. आकड्याचं सोड, पण थट्टा सुचते ती काहीतरी जळत असतं म्हणूनच.

एक गंमत अजून. त्या गाण्यातलं रॅपसुद्धा पफ डॅडीने लिहिलेलं नाही. ते ब्रुकलिनच्या सॉस मनी या रॅपरने लिहिलं. म्हणजे गिटार एकाची, चाल दुसऱ्याची, शब्द तिसऱ्याचे, आणि दुःख पफ डॅडीचं. तेवढं मात्र अस्सल होतं, असं मला गाणं ऐकताना वाटतं. त्याचा आवाज रॅपर म्हणून बेताचाच, पण इथे तो बेताचा असणंच शोभून दिसतं.

आता मूळ मुद्दा. अँडी समर्सचं काय? त्या पब्लिशिंगवर लेखक म्हणून त्याचा हक्क नाही. गाणं लिहिणारा म्हणून मूळ रेकॉर्डवर एकट्या स्टिंगचं नाव आहे.

हे अन्याय्य का वाटतं ते गिटार हातात घेतल्याशिवाय पटत नाही. स्टिंगने गाण्याचा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, केला होता तो ऑर्गनवर. स्वरसंगती साधी. सी, ए मायनर, एफ, जी हा क्रम तू गिटारच्या पहिल्या महिन्यात शिकतेस ना, त्याच घराण्यातली. या क्रमावर जगात हजारो गाणी आहेत, त्यावर कोणाचाही हक्क नाही. समर्सने काय केलं, तर तो कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सरळ वाजवलाच नाही. एकेक तार सुटी छेडली आणि त्यात एक पाहुणा स्वर घातला. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, प आणि मग वरच्या सप्तकातले रे आणि ग. तो रे कॉर्डमध्ये नसतो. तो तिथे येतो आणि शेजारच्या ग ला खेटून बसतो, त्यामुळे सगळी सुरावट अर्धवट, अस्वस्थ, कोणीतरी टक लावून बघतंय अशी वाटते. त्या शब्दांना हेच हवं होतं. ही आकृती त्याला बार्टोक या संगीतकाराच्या दोन व्हायोलिनसाठीच्या रचना गिटारवर वाजवताना हाताला लागली होती, असं त्याने सांगितलंय.

मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा ही आकृती बसवली होती. पाचवा, सातवा आणि नववा फ्रेट (गिटारच्या दांड्यावरचे कप्पे) असे एकाच वेळी दाबायचे. करंगळी इतकी ताणायची की रात्री हात चोळत झोपायचो. पुण्यातल्या कार्यक्रमांत हिंदी गाण्यांच्या मध्ये मी तो तुकडा घुसडायचो. लोक गाणं ओळखायचे ते गायक तोंड उघडायच्या आधी. सॅम्पल करणाऱ्यानेही नेमकं तेच हेरलं. त्याला स्टिंगचा आवाज नको होता, त्याला गिटारची ती दोन-चार आवर्तनं हवी होती.

पण कायद्याच्या लेखी ‘गाणं’ म्हणजे शब्द आणि चाल. गिटारचा पीस हा सजावटीचा भाग. तो स्टुडिओत बसून सुचला, वाजवला, संपलं. गाणं लिहिणारे म्हणून तिघांचीही नावं लावायचं बँडने ठरवलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. समर्सने पुढे मुलाखतीत या सगळ्या प्रकाराला लुबाडणूक म्हटलं, आणि 2025 मध्ये त्याने आणि कोपलंडने लंडनच्या हायकोर्टात रॉयल्टीसाठी स्टिंगवरच दावा लावला. दावा पफ डॅडीवर नाही, स्टिंगवर! हे बाबांना मुद्दाम वाचून दाखव. 1997 च्या सप्टेंबरात स्टिंग स्वतः एमटीव्हीच्या सोहळ्यात पफ डॅडीबरोबर स्टेजवर गायला होता. त्याची काही तक्रार नव्हती. कशाला असेल?

तेव्हा माझा निकाल असा : सॅम्पलिंग ही कला आहे, हे तुझं खरं. परवानगीआधी गाणं विकायला काढलं ही लबाडी, हे बाबांचं खरं. पण ज्याची वस्तू उचलली गेली त्याचं नाव तुमच्या भांडणात एकदाही आलं नसणार.

———

प्रश्न : मग ‘आइस आइस बेबी’चं काय? त्यात तर क्वीन बँडचा बास आहे म्हणतात. फ्रेडी मर्क्युरी आमच्या पाचगणीत शिकला, म्हणून विचारतो. (एक निवृत्त शिक्षक, वाई)

उत्तर : सर, फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता हे खरंच. तेव्हाचा फारुख बलसारा. शाळेत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड होता आणि हे महाशय पियानोवर. पण तुम्ही म्हणता तो बास त्याचा नव्हे, जॉन डीकनचा. 1981 साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावच्या स्टुडिओत क्वीन आणि डेव्हिड बोवी यांनी मिळून ‘अंडर प्रेशर’ केलं, त्यातला. व्हॅनिला आइस या रॅपरने 1990 मध्ये त्यावर ‘आइस आइस बेबी’ केलं आणि अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं रॅप गाणं ठरलं. आपल्या बासमध्ये एक ठोका जास्त आहे म्हणून ते वेगळं, असं तो एका मुलाखतीत तोंडाने वाजवून दाखवत होता. गणपतीच्या आरतीत एक टाळी जास्त वाजवली म्हणून आरती कोणाची होत नाही. सुरुवातीला रेकॉर्डवर क्वीन किंवा बोवीचं नाव नव्हतं, मग तडजोड झाली आणि नावं आली.

वरच्या प्रश्नाशी ताडून बघा. ‘अंडर प्रेशर’वर गाणं लिहिणारे म्हणून क्वीन आणि डेव्हिड बोवी अशी नोंद आहे, म्हणजे पाचही जण. त्यामुळे तडजोडीचा पैसा आला तेव्हा बास वाजवणारा डीकन वाटेकरी होता. तिकडे गाणं लिहिणारा म्हणून समर्सचं नावच नव्हतं. दोन्हीकडे वाजवणाऱ्यानेच गाण्याला चेहरा दिला. फरक इतकाच की एका बँडने मूळ रेकॉर्ड निघतानाच कागदावर सगळ्यांना धरलं. सॅम्पल होतं तेव्हा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा तो कागद बाहेर निघतो, बाकी काही नाही.

———

प्रश्न : सात सेकंदांपर्यंत कोणतंही गाणं वापरलं तर चालतं ना? माझा भाऊ रील्स करतो, तो म्हणतो नियम आहे. (एक वाचक, लातूर)

उत्तर : नाही. असा नियम ना आपल्याकडे, ना अमेरिकेत. 1990 च्या एका रॅप गाण्यात फंकाडेलिक या बँडच्या गिटारचा दोन सेकंदांचा तुकडा होता, तोही सूर उतरवून ओळखू येणार नाही असा केलेला. त्यावरच्या खटल्यात 2005 मध्ये अमेरिकेच्या एका अपील कोर्टाने म्हटलं, परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका. 2016 मध्ये मॅडोनाच्या ‘व्होग’वरच्या खटल्यात दुसऱ्या अपील कोर्टाने बरोबर उलटं सांगितलं की इतक्या किरकोळ तुकड्याला चोरी म्हणता येत नाही. तो तुकडा पाव सेकंदाचाही नव्हता. दोन कोर्टांचं जमेना, तिथे तुमच्या भावाचे सात सेकंद कुठून आले? रील्सच्या अ‍ॅपमध्येच जी गाणी दिलेली असतात त्यांचे करार त्या कंपनीने केलेले असतात. तेवढ्यात भागवावं. धंद्याची जाहिरात असेल तर तेही तपासून.

———

प्रश्न : लताबाईंचा आवाज एका अमेरिकन गाण्यात चोरून वापरला होता, हे खरं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : खरं. 2002 मध्ये ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ आलं, त्यात रकीमचं रॅप आहे. डीजे क्विक या निर्मात्याने त्यात ‘थोडा रेशम लगता है’चा मोठा तुकडा घातला. 1981 च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं गाणं, संगीत बप्पी लाहिरींचं. तिकडे ते गाजलं आणि इकडे लाहिरींना पत्ताही नव्हता. ते कोर्टात गेले, आणि त्यांचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायची नाही असा आदेश झाला. नाव छापा, हा पहिला हुकूम. मला तो फार आवडतो.

पण आपण फार छाती फुगवू नये. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात वाद्यवृंद लिहिणारे, वाजवणारे कितीतरी जण गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट. संगीतकार चाल द्यायचा, आणि ज्या व्हायोलिनच्या लाटेवरून आपण गाणं ओळखतो ती यांनी कागदावर उतरवलेली असायची. तबकडीवर नाव मात्र संगीतकाराचं. एका भक्तिगीतांच्या कॅसेटवर मीही वाजवलंय. सुरुवातीचा गिटारचा पीस माझ्या डोक्यातून निघालेला, पाकीट रोख मिळालं, कॅसेटच्या आतल्या छापील कागदावर नाव नाही. आता विसर्जन मिरवणुकीत त्याच पिसावर डीजे ठेका ठोकतात. बायको खिडकी लावून घेते, मी उघडतो.

———

प्रश्न : काका, मी मराठीत रॅप करतो. 1958 सालच्या एका लावणीच्या तबकडीवर सुरुवातीला ढोलकीचा जबरदस्त तुकडा आहे, तो लूप करायचाय. तबकडी जुन्या बाजारातून विकत घेतली आहे, म्हणजे माझ्याच मालकीची. वापरू का? (एक रॅपर, कोल्हापूर)

उत्तर : तबकडी तुझी, आतला आवाज तुझा नव्हे. पण तुझं नशीब बरं आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. 1958 ला खरोखर प्रकाशित झाली असेल तर तो 2018 च्या अखेरीस संपला. वर्ष नीट तपास. तबकडीवर छापलेल्या क्रमांकावरून जुने संग्राहक सांगतात, आणि पुढे त्याच गाण्याची नवी आवृत्ती निघाली असेल तर ती घेऊ नकोस, स्वतःच्या तबकडीवरूनच घे.

आता दुसरं दार. शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. म्हणजे लावणीची ओळ घेतलीस, गायिकेचा आवाज घेतलास, की शाहीर आणि संगीतकाराच्या वारसांचा प्रश्न आला. ढोलकीचा पारंपरिक बोल एकट्याने वाजत असेल तर या बाजूने अडचण कमी. पण त्यात पेटीवर गाण्याची चाल वाजत असेल तर ती चालच. कान लावून ऐक. कुठे संपते ढोलकी आणि कुठे शिरते पेटी ते सेकंदात लिहून ठेव, आणि वकिलाला विचारायचं झालं तर तेच त्याच्यापुढे ठेव.

एवढं करूनही यूट्यूबचं यंत्र तुझ्या गाण्यावर दावा ठोकू शकतं, कारण तीच तबकडी कुठल्यातरी कंपनीने स्वतःच्या यादीत चढवलेली असते. यंत्राला वर्षं मोजता येत नाहीत. तक्रार दाखल करायची सोय असते, तबकडीच्या लेबलचा फोटो काढून ठेव.

खरं सांगू? तमाशाच्या फडात वाजवलेला ढोलकीवाला तुझ्या गावात शोधलास तर सापडेल. त्याला तो तुकडा ऐकव आणि त्याच्या पद्धतीने काहीतरी नवं वाजवून घे. पैसे आधी ठरव. बोल त्याचे असतील तर गाण्यावर दोघांची नावं किती वाट्याने, हे एका साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा, रेकॉर्डिंगच्या दिवशीच. आणि दोन माइक लाव, एक शाईच्या बाजूला, एक डाव्या हाताच्या बाजूला. एकाच माइकवर घेतलीस तर डाव्या हाताची घुमक तुझ्या बीटखाली गडप होईल आणि मग मिक्सिंगवाला कितीही नॉब फिरवो, ती वर यायची नाही.